तक्रार पत्र: १.३ लिटरच्या इंजिनाला मोठ्या इंजिनाचे इंजेक्शन किट

दिनांक: १६ जून २०२५
कोल्हापूर

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
(कार्बुरेटर काढून बसवायचे इंजेक्शन किट)

विषय: मारुती जिप्सी किंगसाठी म्हणून विकलेल्या थ्रॉटल बॉडी (कार्बुरेटरच्या जागी बसणारा, हवेची झडप असलेला भाग) इंजेक्शन किटमधील चुकीची मापे, फिटिंग पुस्तिकेतील धोकादायक सूचना आणि कुलूपबंद ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) यांबाबत

महोदय,

आपले किट १९९८ च्या जिप्सी किंगवर बसवले आहे. मॉडेल एमजी ४१३ डब्ल्यू, आठ व्हॉल्व्हचे १२९८ सीसी इंजिन, मूळ कार्बुरेटरवर ६० बीएचपी. गाडी खासगी वापराची आहे आणि किटचे बिल गाडीमालकाच्या नावावर आहे. हे आधीच लिहिले, कारण 'व्यावसायिक वापर' हे कारण पुढे येऊ नये.

आपल्या सेवा विभागाने तीन वेळा एकच उत्तर पाठवले: "फिटिंगमध्ये चूक आहे, जवळच्या ट्यूनरला दाखवा." फिटिंग तपासून झाले. थ्रॉटल बॉडीखालची पट्टी सपाट आहे, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही आत जात नाही आणि धूर सोडून पाहिला तेव्हा इनटेकमध्ये गळती सापडली नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखे आहे, व्हॉल्व्ह क्लिअरन्स बरोबर आहे. दोष डब्यात आहे. डब्यावर छापले आहे, "१.० ते ६.० लिटर, सर्व पेट्रोल इंजिने". सगळे दुखणे त्या एका ओळीत आहे.

आधी इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या झडपा. आपण थ्रॉटल बॉडीत ६३० सीसी प्रति मिनिटाचे दोन इंजेक्टर दिले आहेत (३ बार दाबाला). या इंजिनाला किती लागतात, हा कागदावर पाच मिनिटांचा हिशेब आहे. ६० बीएचपी पूर्ण ताकदीवर ताशी सुमारे १८ लिटर पेट्रोल पितात, म्हणजे मिनिटाला साधारण ३०६ सीसी. दोन इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी १५३, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हा नियम धरला तर १९१. ई-२० पेट्रोलला सात-आठ टक्के जास्त इंधन लागते, म्हणून २०५. थोडी सोय ठेवून २२० सीसीचे दोन इंजेक्टर इथे पुरतात. आपण तिप्पट दिले आहेत.

मोठे दिले तर बिघडले कुठे, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर विचारले. पूर्ण ताकदीवर काहीच बिघडत नाही. बिघडते ते आयडलिंगला. ८५० आरपीएमवर हे इंजिन मिनिटाला जेमतेम १५ सीसी पेट्रोल घेते आणि चार सिलिंडर मिळून मिनिटाला १७०० वेळा हवा ओढतात. प्रत्येक वेळी एक इंजेक्टर मारतो, म्हणजे एका फवाऱ्यात ०.००८८ सीसी. ६३० चा इंजेक्टर हे काम ०.८४ मिलिसेकंदात संपवतो. आता इंजेक्टरची सुई उचलायलाच साधारण १ मिलिसेकंद जातो. म्हणजे कामाच्या वेळेपेक्षा दार उघडण्याचा वेळ जास्त! तोच फवारा २२० च्या इंजेक्टरला २.४ मिलिसेकंद लागेल आणि दार उघडण्यातली बारीक चूक त्यात विरून जाईल.

हा दार उघडण्याचा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो. हेडलाइट आणि वायपर लावले की ईसीयूच्या पिनवर १३.८ चे १२.१ व्होल्ट होतात. सुई उचलायला पाव मिलिसेकंद जास्त लागतो. ०.८४ मधून ०.२५ गेले की ३० टक्के पेट्रोल गायब. इंजिन हुकते, लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) पाहतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, पण तोवर उशीर झालेला असतो आणि वाढ गरजेपेक्षा जास्त होते. लॅम्डा (१ म्हणजे बरोबर प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.७८ आणि १.१० यांच्यामध्ये झोके घेतो, इंजिन ६०० ते १२०० आरपीएममध्ये धापा टाकते. सोबतच्या लॉगमध्ये हे झोके दर दोन-तीन सेकंदांनी दिसतील. हेडलाइट बंद केले की झोके कमी होतात, एवढ्यावरूनच आपल्या अभियंत्याला निदान करता यायला हवे होते.

व्होल्टेजची भरपाई करणारा तक्ता ईसीयूत असतो. आपल्या ईसीयूतही आहे, पण तो कुलूपबंद आहे. बाहेरचा ट्यूनर इंधनाचा तक्ता आणि स्टार्टिंगचा तक्ता बदलू शकतो, बॅटरी व्होल्टेजचा मात्र उघडू शकत नाही. मग "ट्यूनरला दाखवा" या सल्ल्याचा उपयोग काय?

आपल्या तंत्रज्ञाने सुचवलेला उपाय असा: आयडलिंग १४०० करा आणि लॅम्डा ०.८० वर ठेवा. दुखणे झाकायचा हा प्रकार आहे, आणि त्याचेही परिणाम मोजले. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ६.२ टक्के आला. या काळातल्या चारचाकीला पीयूसीची मर्यादा ३ टक्के आहे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढू लागली आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पेट्रोलने धुऊन जाते, रिंगा झिजतात. प्लग आठवड्यात काजळीने काळे.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये याचा आणखी एक तोटा आहे, जो शहरात गाडी चालवणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. लो रेशोमध्ये (हळू पण जोरात चालायच्या गिअरमध्ये) पहिल्या गिअरवर उतार उतरताना पाय ब्रेकवर नसतो, गाडी आयडलिंगच्या जोरावर सरपटत उतरते. ८५० चे १४०० केले की तोच उतार ६५ टक्के जास्त वेगाने उतरावा लागतो. सह्याद्रीतल्या पावसाळी कच्च्या वाटेवर हे चालत नाही. मुळात कार्बुरेटर काढला तो उतारावर त्यातला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) तिरका होऊन एकतर पेट्रोल ओसंडते किंवा जेट कोरडा पडतो म्हणून. ते सुधारले, पण उतरताना गाडी आवरेनाशी झाली.

आता पंप. किटमध्ये ताशी २५५ लिटरचा पंप आहे. वर दाखवल्याप्रमाणे इंजिनाची पूर्ण ताकदीची गरज १८ लिटर आहे. उरलेले सगळे दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून टाकीत परत जाते. जिप्सीची टाकी ४० लिटरची. म्हणजे टाकी पूर्ण भरलेली असली तरी सगळे पेट्रोल दहा मिनिटांच्या आत इंजिनाच्या उष्णतेतून एक फेरी मारून येते. टाकी पाव असेल तर अडीच मिनिटांत. मे महिन्यात दुपारी टाकीला हात लावला तर गरम लागतो.

त्यावर आपल्या पुस्तिकेचे पान ९: "पंप इंजिन बेमध्ये, फायरवॉलवर बसवावा." इंजेक्शनचा पंप ढकलणारा असतो, ओढणारा नाही. टाकी मागे आणि खाली, पंप पुढे आणि वर. ओढताना नळीतला दाब कमी होतो, गरम पेट्रोल नळीतच उकळते, आणि पंप वाफ चघळत बसतो. घाट चढून गाडी दहा मिनिटे बंद केली की नंतर स्टार्टर मारून बॅटरी संपते, गाडी लागत नाही. हा पंप आता मागे, टाकीच्या तळाच्या पातळीवर, रबरी बुशांवर, आधी १०० मायक्रॉनचा आणि नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर लावून बसवला आहे. तेव्हापासून गरम स्टार्टिंगची तक्रार नाही. आपल्या पुस्तिकेतल्या चित्राच्या हे बरोबर उलटे आहे.

परतीच्या नळीबद्दल पुस्तिका म्हणते, "मूळ रिटर्न लाइन वापरा." मूळ लाइन बारीक आहे, ती कार्बुरेटरच्या छोट्या पंपासाठी केलेली. एवढे पेट्रोल तिच्यातून परत जाताना तुंबते. गेजवर आयडलिंगला ३ ऐवजी ३.९ बार दिसले. दाब वाढला की ६३० चा इंजेक्टर ७१८ चा होतो, म्हणजे आधीच मोठा असलेला आणखी मोठा. ८ मिलिमीटरची रिटर्न टाकल्यावर दाब ३ वर आला.

याच्याशी जोडलेली गोष्ट सर्वांत गंभीर आहे आणि ती फक्त या गाडीपुरती नाही. किटमधल्या रबरी नळीवर "एसएई ३० आर ७" छापले आहे. ती कार्बुरेटरची नळी आहे, तिची मर्यादा साधारण ३.४ बार. पुस्तिकेप्रमाणे जोडणी केली तर दाब ३.९ बार, म्हणजे मर्यादेच्या वर, आणि नळी जाते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरून. इथे ३० आर ९ ची नळी हवी, जी ६.९ बार सोसते. क्लिपाही दातांच्या पट्टीच्या दिल्या आहेत. त्या आवळल्या की रबराला चिरा पाडतात. इंजेक्शनसाठी गुळगुळीत कडांच्या, नटबोल्टच्या क्लिपा मिळतात, त्या शे-दीडशे रुपयांत सगळ्या गाडीच्या होतात. एवढ्या महागड्या डब्यात ही काटकसर समजत नाही.

आणि पान ११ वरची वायरिंग. पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) थेट इग्निशन स्विचला जोडलेला दाखवला आहे. ईसीयूत पंपाचे आउटपुट असताना! ते वापरले असते तर इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन सेकंदांत पंप थांबला असता. आपल्या जोडणीत गाडी उलटली, इंजिन बंद पडले, तरी चावी चालू आहे तोवर पंप ३ बारने पेट्रोल ढकलत राहील. नळी तुटलेली असेल तर कुठे, हे सांगायला नको. हे किट डोंगरात जाणाऱ्या गाड्यांना विकले जाते. रिले ईसीयूकडे वळवला आहे आणि मध्ये धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच टाकला आहे. ज्यांनी पुस्तिकेवर विश्वास ठेवला त्या बाकीच्या ग्राहकांना आपण आजच कळवायला हवे.

छोट्या गोष्टी थोडक्यात. पान १४ वर इनटेक मॅनिफोल्डची गरम पाण्याची नळी बायपास करायला सांगितले आहे, "हवा थंड राहावी म्हणून". चार सिलिंडरना चार इंजेक्टर असते तर ते ठीक होते. इथे पेट्रोल वरून पडते आणि मॅनिफोल्डच्या भिंतीवरून वाहत जाते. भिंत थंड असेल तर पेट्रोल तिथेच डबके करून साचते आणि अॅक्सिलरेटर दाबताच एकदम आत जाते. नळी पूर्ववत जोडली. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम अॅडव्हान्सची (ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी कुठे लावायची याबद्दल पुस्तिका गप्प आहे. नव्या बॉडीवरचे एकमेव तोंड बटरफ्लायच्या (हवेच्या झडपेच्या) खाली आहे, तिथे जोडले तर आयडलिंगलाच पूर्ण अॅडव्हान्स मिळतो. आरपीएमची वायर साधी, प्लगच्या वायरींना चिकटून नेलेली, म्हणून ईसीयूला मधूनच ४००० आरपीएम दिसायचे. शील्ड असलेली वायर, 'आर' अक्षराचे (आत रेझिस्टर असलेले) प्लग आणि सेन्सरची अर्थ चेसीऐवजी ईसीयूला, एवढे केल्यावर ते थांबले. यातले एकही वाक्य पुस्तिकेत नाही. मूळ मेकॅनिकल पंप काढल्यावर हेडवरचे भोक झाकायची पट्टीही किटमध्ये नव्हती. ती पत्रा कापून केली.

पंपाची जागा, रिटर्न, नळ्या, रिले, अर्थिंग हे सगळे इकडे दुरुस्त झाले. दुरुस्त न होणारे दोनच राहिले, इंजेक्टर आणि कुलूप. दाब २ बारवर आणून पाहावा म्हटले तर रेग्युलेटर बॉडीतच बसवलेला आहे, फिरवायची सोय नाही. आणि २ बारवरही इंजेक्टर ५१४ सीसीचाच राहील, शिवाय फवारा बारीक होण्याऐवजी धार पडेल.

तेव्हा मागणी अशी. थ्रॉटल बॉडी बदलून २०० ते २२० सीसीच्या इंजेक्टरांची द्यावी, किंवा याच बॉडीत बसणारे त्या मापाचे जुळलेले दोन इंजेक्टर त्यांच्या प्रवाहाच्या आणि व्होल्टेजनुसार उघडण्याच्या वेळेच्या लेखी आकड्यांसह द्यावेत. ईसीयूतील बॅटरी व्होल्टेजचा तक्ता खुला करावा. पंप बदलून ताशी १०० लिटरच्या आसपासचा द्यावा. नळ्या, क्लिपा, इनर्शिया स्विच, शील्ड वायर आणि ८ मिलिमीटरची रिटर्न यांचा खर्च परत मिळावा, बिले जोडली आहेत. पान ९, ११ आणि १४ मागे घेऊन सुधारित पुस्तिका सर्व ग्राहकांना पाठवावी. इंजेक्टर देणे जमत नसेल तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. कार्बुरेटर जपून ठेवला आहे, तो दोन तासांत परत चढतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हीसुद्धा उत्पादकाची जबाबदारी ठरते, आणि पान ११ ची प्रत आमच्याकडे आहे.

आपल्या अभियंत्याला गाडी पाहायची असेल तर अवश्य पाठवा. येताना फ्युएल प्रेशर गेज आणि ऑसिलोस्कोप आणावा. लॅपटॉप उघडून "मॅप बरोबर दिसतोय" एवढेच सांगायला येणार असाल तर तसदी घेऊ नये.

कळावे,

आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, हेडलाइट चालू व बंद अशा दोन्ही स्थितींतील आयडलिंगचे डेटा लॉग, रिटर्न बदलण्याआधीचे आणि नंतरचे प्रेशर गेजचे फोटो, नळीवरील छपाईचा फोटो, पीयूसी चाचणीचा कागद, पुस्तिकेतील पान ९, ११ आणि १४ च्या प्रती, सुट्या भागांची बिले.