उंची तुझ्या ओळखीची आहे, समुद्र नाही

ग्रिम्सबी, इंग्लंड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करायचं तू नक्की केलंस आणि वहिनींनीही होकार दिला, हे वाचून फार आनंद झाला. एक वाक्य मात्र मनात अडकून राहिलं: ‘ते सेफ्टीचं सर्टिफिकेट तेवढं उरकून टाकतो, उंची काय आपल्याला रोजचीच.’ फोनवर बोललो असतो तर तू ‘हो हो’ म्हणून विषय बदलला असतास. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. निवांत वाच.

वनकुसवड्याच्या पठारावर धुक्यात, अंगावर पाऊस घेत तू शिड्या चढताना मी पाहिलंय. तुझ्या हातापायांवर माझा पूर्ण भरवसा आहे. पण तिथे काही झालंच तर पवनचक्कीच्या पायथ्याशी जीप उभी असायची आणि घाट उतरला की पाटण. इथे यॉर्कशायरच्या किनाऱ्यासमोर वेस्टरमोस्ट रफ नावाचा पवनचक्क्यांचा समूह आहे, तो जमिनीपासून ८ किलोमीटरवर. हा त्यातल्या त्यात जवळचा. ‘हॉर्नसी दोन’ मध्ये १६५ टर्बाइन आहेत आणि तो ८९ किलोमीटर आत आहे. तिथे कुणी पडला, भाजला, छातीत कळ येऊन कोसळला, तर हेलिकॉप्टर येतं, पण ते हवामानाने परवानगी दिली तर आणि वेळ घेऊनच. तोवर त्या माणसाजवळ त्याच्याबरोबर वर चढलेले दोघं-तिघंच असतात. हे प्रशिक्षण त्या दोघा-तिघांसाठी आहे. तू ते स्वतःच्या जिवासाठी घेतोयस असं समजू नकोस. तुझ्या जोडीदाराचा जीव तुझ्या हातात असणार आहे, म्हणून ते घ्यायचं.

टर्बाइन बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी २०१२ मध्ये ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही संस्था उभी केली. सगळे तिला जीडब्ल्यूओच म्हणतात. तिच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचे पाच भाग आहेत: प्रथमोपचार, वजन हाताळणं, आग, उंचीवरचं काम आणि समुद्रात तग धरणं. जमिनीवरच्या कामाला पहिले चार पुरतात, समुद्रावर पाचवा लागतोच. तुला नवीन आहे तो हाच, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

कोयनेच्या पात्रात तू लहानपणापासून पोहलास. इथे त्या पोहण्याच्या भरवशावर राहू नकोस. हिवाळ्यात इथलं पाणी ५ ते ७ अंशांवर असतं. अशा पाण्यात माणूस पडला की पहिल्या क्षणी तो आपसूक जोराने श्वास आत ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासात पाणी छातीत जातं. पट्टीचे पोहणारेसुद्धा पहिल्या मिनिटात बुडतात ते यामुळे. प्रशिक्षक तुला एक-दहा-एक असा हिशेब सांगतील. पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, हातपाय मारायचे नाहीत. त्यानंतर साधारण दहा मिनिटं बोटं आणि हात कामाचे राहतात, शिट्टी, दिवा, दोरी, बकल जे काही करायचं ते तेवढ्यात. मग शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोकांना वाटतं गारठ्याने माणूस लगेच मरतो. खरं तर त्याच्या आधीच बोटं चालेनाशी होतात आणि डोकं पाण्यावर धरणं जमेनासं होतं. लाइफ जॅकेट अंगावर असेल तर तो तास मिळतो, नसेल तर तो हिशेब तुझ्यासाठी नाहीच.

तलावात तुला सर्व्हायव्हल सूट घालून उंचावरून पाण्यात उतरायला लावतील. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्याने जॅकेट घट्ट धरायचं, नजर समोर ठेवायची, खाली बघायचं नाही, आणि उडी न मारता एक पाऊल पुढे टाकायचं. मग पोट-मांड्या आवळून ऊब राखायची, सगळ्यांनी एकमेकांना धरून घोळका करायचा, उलटा पडलेला तराफा सरळ करून आत चढायचं. तराफ्यात गेल्यावर क्रम ठरलेला: जहाजाला बांधलेली दोरी कापायची, समुद्री नांगर (तराफ्याचं वाहणं मंदावणारी, पाण्यात ओढली जाणारी कापडी पिशवी) सोडायचा, दारं बंद करायची, मग आतल्या माणसांची आणि तराफ्याची देखभाल. हा क्रम तोंडपाठ कर, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आला पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बराच वेळ गार पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवा ठेवूनच बाहेर काढायचं. त्याला उभा खेचला, तर पाण्याचा जो दाब शरीराला आतापर्यंत सावरून होता तो एकदम जातो, रक्तदाब कोसळतो आणि वाचलेला माणूस बोटीवर आल्याआल्या दगावू शकतो. हे माहीत नसेल तर चांगल्या मनाने केलेली मदतच त्याच्या जिवावर उठते.

पाण्याची भीती असेल, पोहण्याबद्दल मनात काही असेल, तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग. ते तुझ्याजवळ एक माणूस जास्त उभा करतील. त्यात कमीपणा नाही.

आता बोटीतून शिडीवर जाणं. माझ्या मते रोजच्या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. कर्मचारी नेणारी बोट आपलं रबरी नाक टर्बाइनच्या पायाशी असलेल्या दोन उभ्या नळ्यांवर टेकवते आणि इंजिनाचा जोर लावून तिथे दाबून धरते. लाटेबरोबर बोट वरखाली होते, शिडी जागची हलत नाही. डेकवरचा खलाशी तुझ्याजवळ उभा असतो. वरून आलेली पडरोधक दोरी आधी हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्यांना, अडकवायची, हात मोकळे ठेवायचे, बॅग वगैरे काही घ्यायचं नाही, ती नंतर क्रेनने वर येते. लाट पाहायची. बोट लाटेच्या माथ्यावर येऊन क्षणभर स्थिरावली की शिडीवर पाऊल ठेवायचं आणि न थांबता काही पायऱ्या भराभर चढायच्या, कारण पुढच्या लाटेला बोट सटकून वर आली तर खाली रेंगाळलेला पाय शिडी आणि बोटीच्या मध्ये सापडतो. साधारण दीड मीटर उंचीच्या लाटांपर्यंत हे चालतं, तरी बोटीप्रमाणे आणि जागेप्रमाणे मर्यादा बदलते. दूरच्या समूहांसाठी मोठी जहाजं असतात, त्यांचा पूल लाटेची हालचाल स्वतः शोषून घेतो आणि माणूस चालत टर्बाइनवर जातो. पण सुरुवातीला तू बोटीवरच असशील असं धरून चाल.

कप्तान ‘चला’ म्हणाला, तरी तुला पटत नसेल तर ‘नाही’ म्हणायचा हक्क तुझा आहे, आणि तो कागदावरचा हक्क नाही. मी लोकांना डेकवरून परत फिरताना पाहिलंय, त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. आपल्याकडे एका साइटवर पाऊस-वाऱ्यात ‘बघू, चढून तरी बघ’ म्हणणारा सुपरवायझर आपण दोघांनी भोगलाय. ती सवय अंगात घेऊन इथे येऊ नकोस. नवीन माणूस पहिल्या महिन्यात ‘नाही’ म्हणायला कचरतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतोय.

उंचीच्या भागात तुला बरंच ओळखीचं भेटेल. तरी लक्ष दे. हार्नेसचे पट्टे, शिवण, बकल रोज बघायचे, मग जोडीदाराने तुझं आणि तू त्याचं तपासायचं. शिडीच्या रुळावरून आपल्याबरोबर सरकणारा आणि पडताना अडकून धरणारा स्लायडर त्या रुळासाठीच बनवलेला आहे ना हे पाहायचं, दिसायला सारखा असला तरी दुसऱ्या बनावटीचा चालत नाही. रूळ संपल्यावर दुहेरी लॅनयार्डचा, म्हणजे हार्नेसच्या दोन हुकांच्या दोरीचा, एक हुक कायम कुठेतरी अडकलेला हवा. हे तू करतोसच. नवीन आहे ती सुटका. पडून हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, हृदयाकडे परत कमी येतं, आणि थोड्याच वेळात त्याच्या जिवाला धोका होतो. ‘वरून मदत येईल’ म्हणून थांबायला तेवढा वेळ नसतो. म्हणून त्याच्या वर चढून बचावाचा संच लावायचा, त्याचं वजन थोडं उचलून घ्यायचं, त्याचा स्लायडर सोडायचा आणि त्याला सावकाश खाली उतरवायचं, हे पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करायला लावतात. घाम निघतो, हात थरथरतात. कंटाळा आला तरी सोडू नकोस, प्रशिक्षकाला ‘अजून एकदा’ म्हण. खाली आणल्यावर त्याला बसवून ठेवायचं असं जुनी माणसं सांगतात, ते ऐकू नकोस. आताची शिकवण आडवं झोपवून नेहमीसारखे प्रथमोपचार करायची आहे.

आगीबद्दल एकच घटना सांगतो. २९ ऑक्टोबर २०१३ ला नेदरलँड्समधल्या ओल्टगेन्सप्लाट इथे जमिनीवरच्याच एका पवनचक्कीला आग लागली. चौघं वर काम करत होते. दोघं उतरले, दोघांची वाट आगीने बंद केली. एक १९ वर्षांचा, दुसरा २१ चा. दोघंही गेले. तेव्हापासून मी कुठल्याही नॅसेलमध्ये, म्हणजे टर्बाइनच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत, पाऊल ठेवलं की आधी बाहेर उतरायची दोरी आणि तिचं यंत्र कुठे आहे ते बघतो, मग हत्यारं काढतो. तूही तसंच कर. अग्निशामक लहान आगीपुरताच आहे. धूर दिसला तर निघायचं, यंत्र कोटींचं असलं तरी.

प्रथमोपचारात छाती दाबणं मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, तीस दाब आणि दोन श्वास, सोबत विजेचा झटका देणारं यंत्र. शिवाय रक्त थांबवणं, रेडिओवरून नेमकी माहिती देणं. हे इंग्रजीत बोलावं लागेल. ‘परत सांगा’ म्हणायला लाजू नकोस, चुकीचं समजून हो म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं. वजन हाताळण्याचा भाग छोटा आहे, पण तुझी पाठ मला ठाऊक आहे, तेव्हा तिथेही झोपू नकोस.

आता प्रमाणपत्राचं. ते दोन वर्षं चालतं आणि संपायच्या आत उजळणी करावी लागते. मुदत उलटली तर पूर्ण प्रशिक्षण पहिल्यापासून. तुझी नोंद ‘विंडा’ नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत होते आणि कंपनी तिथेच बघते. त्यामुळे कुणी एजंट ‘दोन दिवसांत कागद काढून देतो’ म्हणाला तर त्याला दारात उभा करू नकोस, नोंद नसलेल्या कागदाला किंमत शून्य. भारतातही जीडब्ल्यूओ-मान्य केंद्रं आहेत, ती आधी बघ, आणि समुद्राचा भाग तिथे शिकवतात का ते नीट विचार. हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर त्यातून बाहेर यायचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते या पाचांत नाही. कंपनीला हवं असेल तर ती सांगेल.

हे सगळं परक्या मुलखाचं आहे असं वाटू देऊ नकोस. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय या आपल्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, ऐन पावसाळ्यात, जखमी माणसाला जहाजातून प्लॅटफॉर्मवर घ्यायच्या वेळी जहाज तेल-वायूच्या नळ्यांवर आदळलं. आगीत सगळा प्लॅटफॉर्म गेला आणि २२ जण दगावले. उरलेली साडेतीनशेहून अधिक माणसं वाचली. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली आहे. काम सुरू व्हायला वेळ लागेल, पण ते जेव्हा होईल तेव्हा नीट शिकलेली माणसं लागतील, आणि त्यांतला एक तू असावास असं मला फार वाटतं.

कुठलं केंद्र, कुठल्या तारखा, ते ठरलं की लगेच कळव. वैद्यकीय तपासणी आधी करून घे, म्हणजे ऐनवेळी अडणार नाही. आणि तारखांच्या आठवडाभर आधी मला फोन कर, दोरीच्या गाठी आणि बचाव संचाचा क्रम आपण बोलून पक्का करू.

काकूंना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग. वहिनींना नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद.

तुझाच
मित्र