चाको ओस पडले, माणसे संपली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या चाको कॅन्यन या दरीतील प्राचीन, ओस पडलेल्या वस्तीवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती, पण 'हे लोक कुठे गेले याचे कोडे आजही सुटलेले नाही' हा समारोप खटकला. कोडे कसले? अमेरिकेतील मूळनिवासी प्युब्लो समाजांच्या, म्हणजे होपी, झुनी, अकोमा, लगुना आणि रिओ ग्रांदे नदीकाठच्या गावांत त्यांचे वंशज आज नांदत आहेत. 12व्या शतकाच्या मध्यास दीर्घ दुष्काळ पडला, मोठी बांधकामे थांबली, माणसे पाण्याच्या आसऱ्याने दुसरीकडे वसली. गाव सोडले म्हणून कुणी नामशेष होत नाही.

मी निवृत्त स्थापत्य अभियंता. चाकोतील प्युब्लो बोनितो या भव्य वास्तूच्या भिंतीसमोरून माझा पाय निघत नव्हता. इ. स. 850 ते 1150 या काळात टप्प्याटप्प्याने वाढलेली ही अर्धवर्तुळाकार वास्तू, साडेसहाशेच्या आसपास खोल्यांची, काही भागांत चार मजली. भिंतीचा गाभा मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांचा आणि दोन्ही अंगांना वालुकाश्माच्या घडीव चिपा. एका भिंतीत जाड दगडांच्या थरावर बोटभर चिपांच्या ओळी, पुन्हा जाड दगड, अशी नक्षीच साधली आहे. भिंत वर जाते तशी तिची जाडी कमी होत जाते, म्हणजे भाराचा विचार पायापासून केलेला. आणि एवढे देखणे काम करून वरून मातीचा गिलावा! लोखंडी हत्यार नाही, चाक नाही, ओझ्याचे जनावर नाही. छपरांची लाकडे चुस्का आणि झुनी डोंगरांतून, सुमारे 75 किलोमीटरवरून माणसांनी वाहून आणली. त्या लाकडांतील वार्षिक वाढीच्या वर्तुळांवरूनच बांधकामाची वर्षे ठरवता आली.

लेखात 'किवा'ला, म्हणजे विधींसाठी जमिनीत खोल बांधलेल्या गोल दालनाला, एका ओळीत 'गोल खड्डा' म्हटले आहे. चाकोतीलच कासा रिंकोनादाचा महाकिवा जवळपास 20 मीटर व्यासाचा आहे. भिंतीलगत फिरणारा दगडी ओटा, भिंतीत कोनाडे, मध्ये अग्निकुंड, छपराचे चार खांब रोवण्याच्या जागा आणि समोरासमोर उत्तर-दक्षिण दारे. ही सगळी मांडणी सामुदायिक विधींसाठी. मुख्य म्हणजे आजच्या प्युब्लो गावांतही किवा आहेत, तिथे विधी होतात आणि बाहेरच्यांना सहसा प्रवेश नसतो. ज्यांची पूजाअर्चा चालू आहे त्यांना 'लुप्त' ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

याचा व्यवहारातही परिणाम होतो. वारसच नाहीत असे मानले, की जमिनीबद्दल विचारायचे कुणाला? 2023 मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन अंतर्गत मंत्री (सरकारी जमिनी याच खात्याकडे असतात) डेब हालंड यांनी चाकोभोवती दहा मैलांच्या पट्ट्यातील सरकारी जमिनीवर तेल-वायू काढण्यासाठी नवे भाडेपट्टे देण्यास 20 वर्षांची बंदी घातली. त्या स्वतः लगुना प्युब्लोच्या. शेजारच्या नवाहो या दुसऱ्या मूळनिवासी जमातीतील कुटुंबांचे उत्पन्न त्या भागातील तेल-वायूवर असल्याने नवाहो नेतृत्वाने विरोध केला, तोही समजून घ्यायला हवा. वाद जिवंत माणसांमधला आहे.

पुढचा लेख चाकोच्या उत्तरेकडील मेसा व्हर्डे इथल्या कड्यातील प्राचीन घरांवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. तिथली वस्तीही 1300च्या सुमारास दक्षिणेकडे सरकली. त्या लेखात निदान एखाद्या होपी किंवा झुनी अभ्यासकाचे म्हणणे घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक