टिटवीची फ्रेम

पुणे
18 जानेवारी

प्रिय सुन्या,

तुझ्या पत्रात दोनच गोष्टी होत्या. गुडघा दुखतोय, आणि 'एवढी महागाची लेन्स घेतलीस, आता तरी फोटो पाठव'. गुडघ्यावर माझ्याकडे औषध नाही. फोटो पाठवतोय.

परवा पहाटे निघालो आणि उजाडताना भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी, डिकसळच्या बाजूला पोचलो. सगळी गर्दी रोहित (फ्लेमिंगो) बघायला होडीकडे. मी या खेपेला होडीत चढलोच नाही. मागच्या वेळी कुरव (सीगल) जवळ यावेत म्हणून होडीवाल्याने पाण्यावर फरसाण उधळलं होतं. फोटो झक्कास आले, पण घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर एकाच्या चोचीत चक्क गाठी! डिलीट केले.

बाभळीच्या वाळक्या फांदीवर वेडा राघू दिसला, तो हिरवा, उडते किडे टिपणारा छोटा पक्षी. गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद केलं. आपण खाली उतरलो की भुर्रकन उडणारे पक्षी गाडीला फारसं जुमानत नाहीत. खिडकीत जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून केलेली उशी, तिच्यावर लेन्स. (ज्वारीचा भाव काय झालाय ते घरी ऐकून घेतलं.) राघूच्या मागे धावायचंच नसतं. किडा धरायला झेपावतो आणि गिरकी घेऊन बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. आपण फक्त फांदी सांभाळायची.

चाळीस मिनिटांनी तो आपणहून अलीकडच्या फांदीवर आला. पाच मीटर असेल नसेल. आता गंमत बघ. लेन्स 600 एमएमवर, म्हणजे पूर्ण ताणलेली, तिचं छिद्र एफ 6.3 ला, तर एवढ्या अंतरावर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा. त्याने तोंड माझ्याकडे वळवलं की चोचीचं टोक धारदार आणि डोळा धूसर. डोळा गेला की फोटो गेला. त्यात याचा डोळा लाल, आणि नेमका काळ्या पट्ट्यात दडलेला. ऊन आपल्या पाठीशी असेल तरच उजळतो. तीनशेच्या वर क्लिक केले, त्यातले कामाचे चार.

मग त्याने एक मधमाशी आणली. फांदीवर दाणदाण आपटली, नांगी निकामी होईस्तोवर घासली आणि गिळली. त्यानंतर अंग फुलवून झटकलं आणि निवांत पिसं साफ करत बसला. तुला पाठवतोय तो फोटो त्या क्षणाचा. मान कलती, डोळ्यात उन्हाचा बारीक ठिपका. मी आहे की नाही, याची त्याला फिकीर नव्हती.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर टिटवीची फ्रेम आहे, वास्तुशांतीला मी दिलेली. चोच उघडी, डोळ्यापुढची लाल कातडी, पिसन् पीस मोजून घ्यावं. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "बघा, कशी गातेय!"

ती गात नव्हती रे. माझ्या पायापासून चार पावलांवर खडीत तिची अंडी होती. मे महिना, भर दुपार. अंडी उन्हात तापू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्यांच्यावर बसते, हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं की ओरडतेय म्हणून चोच उघडी मिळतेय आणि अंगावर येतेय म्हणून क्लोजअप मिळतोय. वीस मिनिटं हललो नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं, हेही नंतरच कळलं. पण कायदा कशाला हवा होता? ती तोंडावर येऊन सांगत होती की.

पुढे अंड्यांचं काय झालं ते बघायला मी गेलो नाही. धीर झाला नाही.

राघूची प्रिंट त्याच मापाची काढलीय, 12 बाय 18, कुरिअरने येईल. चौकट तीच वापर, टिटवी काढून टाक. वहिनींना खरं सांगितलंस तरी चालेल.

फेब्रुवारीत येतोस का? गुडघ्याचं कारण सांगू नकोस, गाडीतून उतरायचंच नाहीये.

तुझा,
विन्या