कोण पाहतंय, हेही लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतली चित्रपट परीक्षणं मी न चुकता वाचते. कथा, अभिनय, संगीत आणि शेवटी तारे. रहस्यपट असला की ‘शेवटचा धक्का इथे सांगत नाही’ हे वाक्य ठरलेलं. पण गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली आहे, पात्रापेक्षा प्रेक्षकाला जास्त ठाऊक आहे की कमी, याबद्दल एक ओळही नसते. माझ्या मते चित्रपट उभा राहतो किंवा कोसळतो तो इथेच.

माझ्या ताईला दिसत नाही. चित्रपट आम्ही दोघी मिळून बघतो. ती ऐकते आणि संवादांच्या मधल्या जागा मी हळू आवाजात भरते. तिचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : “हे त्याला दिसलं, की फक्त आपल्याला?”

हिचकॉकच्या ‘रेअर विंडो’मध्ये (१९५४) पाय प्लास्टरमध्ये असलेला छायाचित्रकार खिडकीशी बसून समोरची घरं न्याहाळतो आणि कॅमेराही जवळजवळ सगळा वेळ त्याच्याच खोलीत राहतो. त्याला जे कळतं, तेवढंच आपल्याला. एका पहाटे मात्र त्याचा डोळा लागलेला असताना समोरचा संशयित माणूस एका बाईला घेऊन घराबाहेर पडतो. हे फक्त आपण पाहतो. पुढे नायक ‘त्याने बायकोला मारलं’ असं छातीठोकपणे सांगू लागतो, तेव्हा त्याच्या बाजूचे असूनही आपण कचरतो. ती बाई त्याची बायकोच असली तर? ‘हा झोपलाय’ एवढं मी सांगितलं नाही, तर ताई वेगळाच चित्रपट बघेल.

खरी पंचाईत झाली ती त्याच दिग्दर्शकाच्या ‘स्टेज फ्राइट’च्या (१९५०) वेळी. सुरुवातीलाच एक तरुण गाडीत मैत्रिणीला घडलेली हकिगत सांगतो आणि आपल्याला ती फ्लॅशबॅकमध्ये दिसते. ती थाप होती, हे कळायला जवळजवळ शेवट उजाडतो. मी ताईला काय सांगायचं? दर वाक्याला ‘असं तो म्हणतो’ जोडलं, तर संशय मीच पेरला. नुसतं जे दिसतंय ते सांगितलं, तर त्या थापेला माझीही साक्ष. मी दुसरा मार्ग धरला, कारण चित्रपटाने तोच धरला होता. शेवटी ताई चिडली, आणि तिचं बरोबर होतं. असा खोटा फ्लॅशबॅक घ्यायला नको होता, हे हिचकॉकनेही पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना मान्य केलं आहे.

त्याच वर्षी आलेल्या जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘राशोमोन’मध्ये तर एकाच घटनेच्या चार हकिगती आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. तरी तिथे फसवल्यासारखं वाटत नाही. चौकशीत साक्षीदार थेट आपल्याकडे तोंड करून बोलतात, न्यायाधीश कधी दिसतच नाही. त्या जागेवर आपल्यालाच बसवलेलं असतं. पहिल्या जबानीच्या पाठोपाठ दुसरी येते आणि कुणावर किती विश्वास टाकायचा ते आपण ठरवू लागतो. कॅमेरा जे दाखवतो ते घडलंच असणार, हा भरवसा मोडायला हरकत नाही. पण प्रेक्षकाच्या हाती काहीतरी द्यायला हवं.

आणि धक्क्याचं एवढं काय कौतुक? ‘व्हर्टिगो’त (१९५८) मूळ कादंबरीने शेवटपर्यंत राखलेलं रहस्य चित्रपट बराच बाकी असताना नायिकेच्या पत्रातून फुटतं. त्यानंतरच जीव टांगणीला लागतो, कारण आता आपल्याला माहीत आहे आणि नायकाला नाही.

‘सैराट’चा (२०१६) शेवट सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. खून पडद्यावर होत नाही. लहानगं पोर बाहेरून घरात येतं, आवाज पूर्ण बंद होतो. ताईसाठी पडदाच मिटला होता. ‘दोघांना मारलंय’ असं मला एका दमात सांगता आलं असतं. पण त्या पोराला मरण कुठे कळतं? म्हणून त्याला जे दिसलं तेवढंच, त्याच क्रमाने सांगितलं. तो रडत बाहेर निघाला आणि फरशीवर लाल पावलं उमटू लागली, तेव्हा ताईने माझा हात घट्ट धरला.

आता काही चित्रपटांना दृष्टिहीनांसाठी श्राव्य वर्णनाची जोड मिळते, याचा मला फार आनंद आहे. मात्र ते लिहिणाऱ्यांना विनंती, की चित्रपटाने अनोळखी ठेवलेल्या माणसाचं नाव आधीच घेऊ नका. आणि आपल्या परीक्षणकारांना विनंती, की गोष्ट कुणाच्या नजरेतून आहे आणि ती नजर मध्येच विनाकारण सुटते का, एवढं जरूर लिहा. जो प्रसंगी हजरच नव्हता, त्याच्या आठवणीत बंद खोलीतलं बोलणं शब्दन् शब्द दाखवणारे चित्रपट आपल्या पानावर चार तारे घेऊन जातात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आपली,
एक नियमित वाचक