कोऱ्या रकान्यातल्या माणसांची चौकशी करणाऱ्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

सोसायटीच्या संगणकातल्या यादीचं काम करून दिलंत म्हणून फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "त्यात काय एवढं, काका" म्हणून विषय पावसावर नेलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता विषय बदलता येणार नाही.

रावेरकडचं मे-जूनचं वादळ तुम्हाला सांगायला नको, तुम्ही इथल्याच. घड लागलेली केळी बघता बघता आडवी होते. मग ७२ तासांत विमा कंपनीला कळवा, पंचनाम्याला तलाठी नि कृषी सहायक आले की गावनिहाय यादी हातात द्या. आमच्या सोसायटीच्या सभासदांची माहिती संगणकात होतीच: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, केळीची लागवड मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची). फक्त वेळेला बाहेर निघत नव्हती.

सगळ्या तक्त्याला मिळून शोधायचा एकच चौकोन. त्यात '४५' टाकलं की गट नंबर ४५ तर यायचाच, पण ज्याच्या मोबाईल नंबरात कुठेही ४५ आहे तोही हजर. 'विवरे' टाकलं की बुद्रुक नि खुर्द एकात एक. त्यातही शोध समोरच्या पानापुरताच; पुढच्या पानांवरचे सभासद जणू सोसायटीतच नाहीत!

ज्यांनी हे बनवून दिलं त्यांना विचारलं, तर म्हणे "एक्सेलमध्ये काढून घ्या ना." अहो, एक्सेलमध्येच काढायचं होतं तर त्यांना पैसे कशाचे मोजले? पुढे "नवीन व्हर्जनमध्ये येईल" सुरू झालं. ते व्हर्जन अजून वाटेतच आहे.

तुम्ही सुट्टीला माहेरी आलात आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर वेगळा फिल्टर बसवून दिलात. गाव निवडा, त्यात लागवड निवडा, यादी आवळत जाते, आणि पाहणी सगळ्या नोंदींची होते. कसं केलंत ते मला सांगता येणार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही.

काम झाल्यावर, चहा समोर असताना, तुम्ही विचारलंत, "काका, गाव निवडलं की ही काही माणसं कुठल्याच यादीत येत नाहीत. ही कोण?"

त्यांचा गावाचा रकाना कोरा होता. नवरा गेल्यावर वारस म्हणून नाव लागलं, बाकीचं भरायचं राहून गेलं, अशा बायकाच त्यात जास्त. आधीच्या मंडळींनी यावर "तो तुमच्या डेटा एंट्रीचा प्रश्न" असं ऐकवलं होतं. तुम्ही काही ऐकवलं नाही. गावांच्या यादीत सगळ्यात वर 'गाव नोंदलेले नाही' अशी ओळ घातलीत, पुढे त्यांची संख्या, तीही लाल अक्षरात. आता कुठल्याही गावाची यादी काढताना ती ओळ डोळ्याआड करता येत नाही. आमचे मुनीम दुपारभर त्या एकेकीला फोन लावत बसले. एक बाई म्हणाल्या, "माझं बी नाव हाये का त्याच्यात?" मुनीमांनी गाव भरून घेतलं, गट नंबर ताडून पाहिला आणि "आता हाये" म्हणाले.

हुशार पोरं आपल्याकडे चिक्कार आहेत, कौतुकही आहे. पण पंगतीत शेवटच्या पानापर्यंत नजर टाकणारा वाढपी विरळा. तो गुण कॉलेजात शिकवत असतील असं वाटत नाही. तुमच्या आईंना मी ओळखतो, म्हणून नवलही वाटलं नाही.

थंडीत या. भरीत नि कळण्याची भाकरी सोसायटीकडून.

आपला,
सोसायटीतला कारकून

ता. क. मुनीम म्हणतात, "ताईले सांग, पावतीच्या तारखेले बी तसंच काही लावून दे." मी त्यांना म्हटलं, आधी भरीत होऊ द्या.