चि. मनूस, सांगलीहून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मी डोस विचारत बसले. तीस वर्षांची ड्यूटी अंगातून जात नाही. रागावू नकोस.

"अ‍ॅड्रेनलिन द्यायला मला उशीर झाला का?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. पेशंटच्या मॉनिटरवर सरळ रेघ होती म्हणालीस. तिथे शॉक चालत नाही. छातीवर दाब, शिरेत लाइन मिळताच 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन, मग दर 3 ते 5 मिनिटांनी. तू तेच केलंस. शीर सापडत नव्हती तोवर दाब थांबू दिला नाहीस, हे मला फार मोठं वाटलं. दाब नसेल तर औषध दंडातच पडून राहतं. इंजेक्शनमागोमाग 20 मिली सलाइन ढकलून हात वर धरायचा. हृदयाची नुसती फडफड असेल तर मात्र आधी शॉक, तिसऱ्या शॉकनंतरही थांबली नाही तर अमिओडॅरोन 300... बघ, पुन्हा सुरू झाले. डॉक्टर तू आहेस. चुकलं माझं.

रात्रपाळी संपली की स्कूटीवर बसू नकोस. हे शेवटी लिहिणार होते.

आमच्या वेळी सरळ रेघेला अ‍ॅट्रोपिनही द्यायचो. किती अँप्यूल गॉजमध्ये धरून फोडले असतील मी! 2010 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते त्या यादीतून काढलं, कारण फायदा होण्याची शक्यता दिसेना. आता ते ठोके फार मंदावले तर देतात. बातमी कळली त्या रात्री मला झोप लागली नाही. आबांनाही मीच भरून दिलं होतं. पण तेव्हा आम्हाला तेवढंच ठाऊक होतं गं.

हरिपूरच्या त्या बाई तुला सांगितल्यात का? नाडी 180च्या वर, घामाने पदर भिजलेला. अ‍ॅडेनोसिन 6 मिलिग्रॅम झटक्यात दिलं, मागून सलाइन. काही सेकंद मॉनिटरवर रेघ सपाट. बाईंनी माझं मनगट आवळलं, म्हणाल्या, "सिस्टर, मी चालले." आणि लगेच ठोके जागेवर! बांगडीचा वळ दोन दिवस होता. ते औषध देण्याआधी पेशंटला सांगत जा, की क्षणभर जीव घाबराघुबरा होईल, पण मी इथेच आहे.

अ‍ॅड्रेनलिनने ठोके परत येतात कधीकधी, माणूस परत येतोच असं नाही. तुझ्या त्या पेशंटच्या बायकोला तो गेल्याचं तू स्वतः जाऊन सांगितलंस, हे बाबांनी शेजारी दोनदा सांगितलं. मला कौतुक वाटलं आणि पोटात गोळाही आला.

दादाची ती अंकलीची सकाळ तू विसरली नसशील. तोही म्हणाला होता, झोप आलेली नाही. रिक्षाचे पैसे पाठवलेत, त्यांची पुस्तकं घेऊ नकोस. भडंग बाबांच्या मित्राबरोबर येतंय.

ड्यूटी सुटली की फोन कर, रिक्षात बसल्यावर.

तुझी
आई