सोऽ कामोशिरेमासेन् ने

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलपासून जपानमधल्या नागोयाच्या लोकांबरोबर तुझं रोज जपानीत बोलणं होणार. ‘समोरच्याचं बरोबर असेलही, पण मी अजून पुरता हो म्हणत नाही’ हे न दुखावता कसं सांगायचं, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच वाक्यात मिळतं: सोऽ कामोशिरेमासेन् ने. ‘तसं असूही शकेल’.

आधी बांधणी. ‘कामोशिरेमासेन्’ साध्या रूपाला जोडायचं, ‘देसु’ला (आदराच्या ‘आहे’ला) नाही. पाऊस असेल तर ‘आमे कामोशिरेमासेन्’. मधे ‘दा’ किंवा ‘देसु’ घुसवलं की चुकलंच, आणि शिकणारे नेमके तिथेच अडखळतात, कारण नामानंतर ‘देसु’ म्हणायची सवय जिभेला लागलेली असते. काळ बदलायचा तो आधीच्या क्रियापदात: ‘इकु कामोशिरेमासेन्’ म्हणजे जाईलही, ‘इत्ता कामोशिरेमासेन्’ म्हणजे गेलाही असेल. शेपूट तसंच राहतं.

आता ‘ने’. तो गाळलास तर वाक्य कोरडं पडतं, निकाल दिल्यासारखं. मात्र तो लहान आणि उतरता ठेव. ‘सोऽ देसु नेऽऽ’ असं लांबवलंस तर त्याचा अर्थ ‘बघू या, विचार करतोय’ असा होतो, आणि पुष्कळदा त्यामागून नकारच येतो. समोरून असं लांबलेलं ‘नेऽऽ’ आलं तर होकार मिळाला असं धरू नकोस. ‘हाइ’चंही तसंच. बोलणं चालू असताना मधूनमधून येणारं ‘हाइ, हाइ’ म्हणजे ‘ऐकतोय’, एवढंच.

खात्री थोडी जास्त असेल तर ‘देशोऽ’. ‘मोशिकासुरुतो’ने सुरू केलेलं वाक्य ‘कामोशिरेमासेन्’ने संपव, ‘ताबुन्’ने सुरू केलेलं ‘देशोऽ’ने. आपल्या ‘कदाचित... असूही शकेल’ आणि ‘बहुधा... असेल’ यांच्यात जेवढं अंतर, साधारण तेवढंच. पण वरिष्ठांना ‘सोऽ देशोऽ ने’ म्हणू नकोस. ‘ते तर मला माहीतच होतं’ असा त्याचा सूर लागतो. शेवट चढवलास, ‘सोऽ देशोऽ?’, तर ‘बघा, सांगितलं होतं ना!’ असं ऐकू जातं. तिथे ‘सोऽ दा तो ओमोइमासु’, म्हणजे ‘मला तसं वाटतं’, हे सुरक्षित.

मत मांडताना नकारार्थी प्रश्न फार उपयोगी पडतो. ‘गेत्सुयोऽ दे इइन् ज्यानाइ देशोऽ का’: सोमवारी चालेल, नाही का? आवाज उतरता. साहेबांनी स्वतः ठरवलेल्या गोष्टीवर मात्र ‘इइन् ज्यानाइ देसु का’ म्हटलंस, तर ‘असू दे, मला काय’ असं बेफिकीर वाटू शकतं. त्यांचा मुद्दा खरंच पटला असेल तर ‘ओश्शारु तोओरि देसु’, आपण म्हणता तसंच आहे. ‘नारुहोदो’ (‘अच्छा, असं आहे तर’) सोपं आहे, पण वरिष्ठांशी बोलताना ते अनेकांना खटकतं, कारण त्यात तू त्यांच्या म्हणण्याला गुण दिल्यासारखं होतं.

अर्ध्या होकारानंतर हरकत घ्यायची तर ‘देमो’ (‘पण’) नको, ‘तादा’ (‘फक्त’) घे. ‘सोऽ कामोशिरेमासेन् ने. तादा, नोऽकि गा चोत्तो...’ म्हणजे ‘असेलही, फक्त डिलिव्हरीची तारीख जरा...’ आणि थांब. पुढचं ते समजून घेतात. आपल्याकडे वाक्य पुरं केल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे पुरं केलंस की बोचतं.

सगळ्यात मोठा खड्डा असा: समोरचा स्वतःला कमी लेखतो. ‘माझंच सांगणं अस्पष्ट होतं बहुतेक’, असं म्हणतो. त्यावर ‘सोऽ कामोशिरेमासेन् ने’ म्हटलंस, तर ‘हो, तुमचंच चुकलं’ असं नम्रपणे सांगितल्यासारखं झालं! अशा वेळी लगेच ‘इएइए, सोन्ना कोतो आरिमासेन्’, छे छे, तसं काही नाही.

बरोबरीच्या मित्रांत ‘सोऽ कामो ने’ पुरतं. नुसतं ‘कामो ने’ थोडं उडवून लावल्यासारखं वाटतं, ओळख मुरेपर्यंत टाळ.

फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे सूर जास्त सांभाळावा लागतो. ‘ने’ आणि ‘नेऽऽ’ दोन्ही म्हणून रेकॉर्ड करून पाठव. ऐकून कुठे ओढलंस ते कळवतो.

तुझा,
अनिरुद्ध